वाचा-उपचार कक्षाची उन्हाळी आवराआवर

कर्णबधिर विद्यालयांत आणि काही सर्वसाधारण शाळांतही एक लहानशी खोली वाचा-उपचारासाठी राखलेली असते. ऐकू कमी येणारी, बोबडे बोलणारी, अडखळणारी किंवा वयाच्या मानाने उशिरा बोलू लागलेली मुले तिथे एकेकटी किंवा दोघा-तिघांच्या गटाने येतात. आरसा, चित्रकार्डे, खेळणी, श्रवणयंत्रांचे सुटे भाग आणि प्रत्येक मुलाची फाइल एवढा या खोलीचा संसार. महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. खोलीला कुलूप लागते ते कडक उन्हात आणि निघते ते पावसाच्या तोंडावर. त्यामुळे सामान दोन्ही ऋतूंत टिकेल असे ठेवावे लागते. त्याहून मोठा प्रश्न उपचारातल्या खंडाचा. मूल जिथे थांबले तिथूनच जूनमध्ये पुढे नेता यावे, हा या आवराआवरीचा खरा हेतू. झाडलोट त्यामागून येते.

मोजदाद आणि निर्लेखन

काम मोजदादीपासून सुरू होते. श्रवणमापक, आरसा, कपाट यांसारख्या टिकाऊ वस्तू शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत असतात. प्रत्यक्ष वस्तू आणि नोंद एकमेकांशी ताडून पाहिली जाते. मोडलेली वस्तू परस्पर भंगारात देता येत नाही; तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करून मंजुरी घ्यावी लागते. श्रवणमापकाचे अंशशोधन सहसा वर्षातून एकदा करून घेतात. सुट्टीत यंत्र पाठवले तर एकाही मुलाची तपासणी अडत नाही.

काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ठरवताना वस्तू फक्त शाबूत आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. पिपाण्या, फुगे, फुंकायची पिसे अनेक कक्षांत वर्षानुवर्षे साठलेली असतात. पण फुंकण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात, याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. तोंडात जाणाऱ्या अशा वस्तू स्वच्छ ठेवणेही अवघड. त्यांनी अडवलेली जागा चित्रकार्डांना दिली तर ती अधिक कारणी लागते.

कार्डांचा क्रम

चित्रकार्डे हा कक्षाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लवकर विस्कटणारा ऐवज. ती लावण्याची सोय मराठी वर्णमालेतच आहे. क-वर्ग कंठातला, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य आणि प-वर्ग ओठांचा. जीभ जिथे टेकते किंवा ओठ मिटतात त्या जागेनुसारच ही मांडणी झाली आहे. त्याच क्रमाने डबे ठेवले की हवा तो ध्वनी चटकन हाती लागतो. एका डब्यात तीन कप्पे पुरतात: ध्वनी शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी. ‘ळ’ला मात्र दोनच कप्पे लागतात, कारण मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाहीत. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ एक नाही, म्हणून या अक्षरांची कार्डे दोन गठ्ठ्यांत विभागतात.

काही कार्डे मात्र वर्गवार वेगळी करायची नसतात. ‘काल–काळ’, ‘मन–मण’, ‘गर–घर’ अशा जोड्यांत एकाच ध्वनीने अर्थ बदलतो. तो फरक कानाला कळावा, हाच त्या जोडीचा धडा असल्याने दोन्ही कार्डे एकाच पाकिटात राहतात. ‘पाय’ आणि ‘माय’ यांची गोष्ट वेगळी. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर मुलाची इथे हमखास गफलत होते. अशा जोड्यांसाठी स्वतंत्र डबा सोयीचा.

कागदाला दमट हवा, कसर आणि वाळवी यांचा धोका असतो. म्हणून कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच आणि गळक्या भिंतीपासून दूर ठेवतात. जिथे मुलांची खेळणी असतात त्या कपाटात डांबरगोळ्या टाकत नाहीत. त्या गोळ्या विषारी असतात आणि लहान मुलांना खाऊसारख्या वाटतात.

यंत्रे, सेल आणि खेळणी

मुलाचे स्वतःचे श्रवणयंत्र शाळेच्या कपाटात कधीच राहू नये. सुट्टीतही ऐकणे चालूच राहायला हवे, म्हणून यंत्र घरी जाते. कानात बसणारा साचा यंत्रापासून वेगळा करून कोमट साबणपाण्याने धुतात आणि पूर्ण वाळवूनच पुन्हा जोडतात. मूल वाढते तसा कानही वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारू लागते. अशा मुलांची यादी करून पालकांना सुट्टीतच नवा साचा करून घ्यायला सांगता येते.

कानामागच्या यंत्राचे झिंक-एअर सेल हवेवर चालतात. त्यांवरचे चिकटपट्टीचे झाकण काढले की हवा आत शिरते आणि यंत्र बंद असले तरी सेल उतरू लागतो. म्हणून साठ्यातल्या सेलच्या पट्ट्या काढत नाहीत; फक्त क्रमांक आणि मुदत पाहून ठेवतात. ६७५ क्रमांकाच्या सेलची खूण निळी, १३ची नारिंगी. बोलकी खेळणी, टॉर्च आणि खिशातली श्रवणयंत्रे यांतले पेन्सिल सेल मात्र काढूनच ठेवायचे. नाहीतर ते पाझरून आतली पट्टी गंजते. शाळेच्या मालकीची यंत्रे सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवली की दमटपणाचा त्रास कमी होतो.

प्लास्टिकची खेळणी साबणाने धुऊन कडकडीत वाळवतात. लाकडी जीभपट्ट्या एकदाच वापरायच्या, त्यामुळे उघड्या पाकिटातल्या उरलेल्या टाकून देतात. पडदे आणि सतरंजी धुऊन घडी घालतात, पण जूनमध्ये ती पुन्हा जागेवर आलीच पाहिजेत. खोलीतला घुमारा तीच शोषतात आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्याला घुमाऱ्यात शब्द नीट उमगत नाहीत. खुर्च्यांची जागाही टिपून ठेवतात. खिडकीचा उजेड शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीवर नव्हे. आरसा बसलेल्या मुलाच्या उंचीवर हवा.

नोंदी आणि घरचा पाठ

प्रत्येक फाइलच्या वर एकपानी सारांश ठेवला की पुढचे काम सोपे होते. त्यात कोणता ध्वनी सुटा येतो, कोणता शब्दात आणि कोणता सहज बोलण्यात, हे लिहितात. ‘प्रगती चांगली’ या शेऱ्यापेक्षा ‘क-चे २० पैकी १४ शब्द बरोबर, काकाला अजून ताता म्हणतो’ ही नोंद उपयोगी पडते. दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण जोडले तर सुट्टीत काय टिकले आणि काय निसटले, ते जूनमध्ये नेमके कळते. फाइलींत वैद्यकीय माहिती असते, त्यामुळे त्यांचे कपाट वेगळे आणि कुलूपबंद असावे.

निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतात. तीच घरचा पाठ देण्याची वेळ. तो पाठ सुट्टीतल्या दिवसांत सहज मिसळणारा हवा. ‘क’साठी कैरी, काकडी, कोकम, ‘ळ’साठी केळं, फळ, जांभूळ, ‘र’साठी रस, करवंद. आजोळी गेलेल्या मुलाला हे शब्द ताटात आणि रानात भेटतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी डॅनियल लिंग यांची सहा ध्वनींची चाचणी शिकवतात. रोज सकाळी ओठ झाकून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचे आणि मुलाने ऐकू आल्याची खूण करायची. या सहांत बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी येतात. काल ऐकू आलेला ‘स’ आज ऐकू आला नाही, तर आधी सेल आणि साचा पाहायचा.

शेवटी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवतात: कोणत्या कप्प्यात काय, दुरुस्तीला काय गेले आणि कोणाचा साचा बदलायचा. जूनमध्ये नवीन व्यक्ती रुजू झाली तरी या कागदावरून आणि फाइलीतल्या सारांशावरून पहिल्याच आठवड्यात उपचार सुरू करता येतात.