बर्फातला अशनीही गंजतो

नरसी नामदेवच्या शिवारात विहीर खणली की वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तिन्ही मुळात एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हवापाण्याने कुजत गेलेला. अशनी इथे पडून राहिला तर त्याची गत याहून लवकर होते, कारण बहुतेक दगडी अशनींत लोह-निकेलचे कण असतात आणि दोन-चार पावसाळ्यांत त्यांना गंज धरतो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ अशनी पडले ते पावसाळ्याच्या तोंडावर. तुकडे लगेच वेचले गेले, हे नशीबच.

म्हणून अशनी शोधायला लोक थंड, कोरड्या अंटार्क्टिकाला जातात; तिथे ते जपले जातात. १९६९ साली यामातो पर्वतांजवळ जपानी चमूला निळ्या बर्फावर नऊ अशनी सापडले. ते वेगवेगळ्या जातींचे होते, म्हणजे एकाच उल्कापाताचे नव्हते. बर्फाच्या प्रवाहाने ते एकत्र आणले होते. तेव्हापासून अंटार्क्टिकातून चाळीस हजारांहून अधिक अशनी मिळाले. त्यांतले काही तर लाखो वर्षे तिथे पडून होते.

पण जपले म्हणजे जसेच्या तसे राहिले, असे नव्हे. उन्हाळ्यात काळा अशनी सूर्याची उष्णता शोषतो. भोवतालची हवा गोठणबिंदूखाली असतानाही त्याला चिकटलेला बर्फ वितळतो आणि पाण्याचा पातळ थर भेगांत उतरतो. गंजायला तेवढे पुरते. सागरी क्षारांतले क्लोरीन मदतीला असतेच.

खरी गंमत पुढे आहे. गंजात त्या पाण्याचा ऑक्सिजन अडकतो. ध्रुवाकडे जाताना ढगांतून जड ऑक्सिजन-१८ आधी गळतो, त्यामुळे अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातल्या बर्फात तो समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी सुमारे ५० भागांनी कमी भरतो. साध्या दगडी अशनींत तोच हजारी चार-पाच भागांनी जास्त असतो. आता स्थूल हिशेब करा: अशनीतला पाच टक्के ऑक्सिजन त्या पाण्याचा झाला, तर साडेचारचा आकडा दोनच्याही खाली येतो. ऑक्सिजन-१७ चे प्रमाणही पृथ्वीवरच्या पदार्थांतल्या प्रमाणाकडे सरकते. अशनी कुठल्या कुळातला, हे ठरवताना तर हजारी एका भागाच्या अंशाचा फरक पाहतात.

कार्बनचेही तसेच. १९८५ साली लुईस क्लिफ इथे मिळालेल्या सुमारे ११० किलोच्या ‘एलईडब्ल्यू ८५३२०’ या अशनीवर पांढरे पापुद्रे होते. ते नेस्क्वेहोनाइट, म्हणजे जलयुक्त मॅग्नेशियम कार्बोनेट. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-१४ मोजणीने दाखवले, की त्यातला कार्बन आजच्या हवेतला आहे आणि पापुद्रे काही दशकांतच धरले आहेत. दगड साडेचार अब्ज वर्षांचा, त्यावरचा क्षार विसाव्या शतकातला! अंटार्क्टिकातल्या युक्राइट जातीच्या अशनींत सिरियमचेही प्रमाण बिघडलेले आढळते. पाणी त्याला शेजारच्या मूलद्रव्यांपासून वेगळे करते.

यावर प्रयोगशाळांचा उपाय म्हणजे चूर्ण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेटच्या द्रावणात धुऊन गंज काढणे आणि मगच ऑक्सिजन मोजणे. आम्लाचा मात्र धोका असा, की ते गंजाबरोबर अशनीतली काही मूळ खनिजेही विरघळवते. म्हणून शक्य तिथे गाभ्यातला, भेग नसलेला तुकडाच मोजणीला घेतात.