‘फिक्स आकडा’ विकणाऱ्यांचा हिशेब

भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या मोबाइलवर ‘आज फिक्स ओपन’ (मटक्याचा पहिला आकडा) असा संदेश येतो, तेव्हा पाठवणाऱ्याला आकडा ठाऊक नसतो. गिऱ्हाइकं कशी वाटायची, ते मात्र पक्कं ठाऊक असतं.

मटका, म्हणजे आकड्यांवरचा जुगार, मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर चाले. पुढे 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. मुंबईच्या गिरणगावात तो फोफावला.

आता युक्ती पाहा. हजार जणांचे दहा गट करायचे आणि प्रत्येक गटाला 0 ते 9 मधला वेगळा आकडा कळवायचा. शंभर जणांचा आकडा लागणारच! दुसऱ्या दिवशी त्या शंभरांचे पुन्हा दहा गट. दहा जणांना सलग दोनदा ‘पक्की’ टिप मिळते. उरलेले 990 जण गप्प बसतात, आणि हे दहा जण बोलतात. पुढच्या टिपेची फी त्यांच्याकडून आणि त्यांचं ऐकून आलेल्यांकडून उकळली जाते. आयपीएल सामन्यांच्या टिपा विकताना तर दोनच गट पुरतात.

एकेरी आकड्याला रुपयामागे साधारण 9 रुपये मिळतात, शक्यता मात्र दहात एक. म्हणजे शंभर लावले की सरासरी दहा गेले. टिपेचे पैसे वेगळेच. खरा आकडा हाती असणारा तो विकेल कशाला?

मटका 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, म्हणून फसलेला माणूस तक्रारीला घाबरतो. याच भीतीवर हा धंदा उभा आहे, आणि मला तेच सर्वांत संतापजनक वाटतं. ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावं.