काडतूस : शब्द एक, वस्तु तीन

जुन्या दप्तरांत ‘काडतूस’ हा शब्द आढळला कीं वाचकाचें मन एकदम १८५७ कडे धांव घेतें. परंतु ज्या वस्तूस हा शब्द लावीत, ती शंभर-सवाशें वर्षांत दोन वेळां पार पालटली. तेव्हां केवळ या शब्दावरून कागदाचा काळ ठरविणें धोक्याचें होय.

आरंभींचें काडतूस म्हणजे कागदाची साधी पुडी. तींत मोजकी दारू व शिशाची वाटोळी गोळी. बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे व गोळी तींत सैल बसे, सबब वंगणाची फारशी गरज नसे. १७६० सालीं उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंच्या बाजूनें लढलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाच्या बंदुका गुळगुळीत नळीच्याच होत्या. उदगीर-अहमदपूरच्या टापूंत शिशाची वाटोळी गोळी कोणास मिळाल्यास ती ‘बंडांतली’ म्हणून मिरविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवावें. उलट गोळी लांबट, टोंकाशीं निमुळती व बुडाशीं पोकळ असेल, तर ती बहुधा १८५० नंतरची समजावी.

अशी गोळी १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची. हिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून आंत फिरते चर असत. गोळी सुमारें ५३० ग्रेन वजनाची व दारू ७० ग्रेनांच्या आंतबाहेर. सोरा, कोळसा व गंधक यांची ही काळी दारू जळली म्हणजे निम्म्याहून अधिक वजनाचा मळ व धूर मागें राहतो. तो मळ चरांत बसे, आणि गोळी तर नळीच्या तोंडानेंच ठासावयाची. म्हणून गोळीकडील कागदास चरबीचें वंगण देत. शिपायानें पुडीचें शेंपूट दातांनीं तोडून दारू नळींत ओतावी, मग पुडी उलटी करून गोळी आंत दाबावी, उरलेला कागद फाडून टाकावा व गजानें ठासावें, अशी कवाईत होती. दांत लागत तें टोंक वंगणाचें नव्हे हें खरें. पण तीच पुडी हातांत व तोंडाशीं धरणाऱ्याचें एवढ्यानें समाधान कसें व्हावें? वंगण शिपायांनीं आपलें आपण लावावें अशी मुभा १८५७ च्या जानेवारींतच दिली गेली, तरी संशय फिटला नाहीं. २४ एप्रिलला मीरत येथें ९० स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें नाकारलीं, तीं तर जुन्याच प्रकारचीं होतीं.

पुढें १८६६ त स्नायडर रायफल आली व बॉक्सरचें पितळी पत्र्याचें काडतूस मागच्या बाजूनें भरूं लागले. तोडणें, ओतणें, ठासणें सर्व संपलें. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा, म्हणजे या धातूच्या काडतुसांच्या काळांतला.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे या दृष्टीनें पाहावें. प्रवास १८५७ चा, लेखन त्यानंतर पंचवीसएक वर्षांनीं, आणि चिंतामण विनायक वैद्यांनीं संस्कार करून छापलें तें १९०७ सालीं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं काढला. लिहितेवेळीं शिपायांच्या कमरेस असलेलें काडतूस निराळें होतें. म्हणून अशा ग्रंथांतील काडतुसाच्या वर्णनास मूळ पाठाचाच आधार घ्यावा.

संग्राहकांस एक व्यवहाराची सूचना. काळी दारू कोरडी राहिल्यास शतकानंतरही पेट घेते. जुनें भरलेलें काडतूस घरीं ठोकूं अगर कापूं नये. तें पोलिसांच्या नजरेस आणून मगच संग्रहाचा विचार करावा.