वर्गात पडदा कशासाठी लावायचा?

अकोल्याचा अक्षांश 20.7 अंश, अमरावतीचा 20.9. वर्षातून दोनदा सूर्य या दोन्ही शहरांच्या बरोबर डोक्यावर येतो. 23 मेच्या सुमारास अकोल्यात आणि त्यानंतर एखाद-दुसऱ्या दिवशी अमरावतीत, भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. हा शून्य सावली दिवस. कर्कवृत्ताकडे निघालेला सूर्य त्या काळात दिवसाला साधारण 0.2 अंश उत्तरेला सरकतो, म्हणून दोन शहरांत एका दिवसाचं अंतर पडतं. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे समजायला याहून सुंदर पुरावा नाही. पण वऱ्हाडातल्या मुलांना तो शाळेत बघायला मिळत नाही. मेमध्ये सुट्टी, पारा 45 च्या घरात. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उघडतातच जूनच्या उत्तरार्धात. परतीचा सूर्य 18 ते 20 जुलैच्या दरम्यान पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं.

ऑनलाइन साधनाचं खरं काम इथे आहे. स्टेलेरियम हे आकाशदर्शनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एकदा संगणकावर घेतलं की नेटशिवाय चालतं. अकोला निवडायचं, तारीख 23 मे, वेळ दुपारी 12 वाजून 20 मिनिटं. बारा का नाही? भारताची प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आहे आणि अकोला आहे 77 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार 22 मिनिटं मागे. त्यात ऋतूप्रमाणे काही मिनिटांची कमी-जास्त. मग गाव बदलून दिल्ली घ्यायची आणि वर्षभराच्या तारखा फिरवायच्या. सूर्य तिथे कधीच डोक्यावर येत नाही. का येत नाही, हे मुलांना शोधू द्यावं. ते शोधतात, कारण तारीख बदलणारा हात त्यांचा असतो.

2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आपल्याकडे रुळला. किती तरी जिल्हा परिषद शाळांत गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणले. हा पैसा कापूस-सोयाबीन विकून आलेला आहे, म्हणून त्याचा उपयोग कसा होतो याची मला काळजी वाटते. पुस्तकातलाच धडा व्हिडिओवर लावायचा आणि मुलांनी गप्प बसून बघायचं, यात शिकणं फारसं घडत नाही. तुरीचं बी कसं रुजतं ते ओल्या फडक्यात दिसतं. गुलाबी बोंडअळी शाळेमागच्या पऱ्हाटीवर सापडते. जे हाताने करता येतं, डोळ्यांनी बघता येतं, त्यासाठी पडदा नकोच.

जे एरवी दिसूच शकत नाही, तिथे मात्र पडदा प्रत्यक्ष साहित्यावरही मात करतो. 2001 चे नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. तिथल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा आणि बल्ब दिले, काहींना फक्त पडद्यावरचं सर्किट. 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे खरं सर्किट जोडायला दिलं, तेव्हा पडद्यावर शिकलेलेच सरस ठरले. जोडणीतही आणि कारण सांगण्यातही. खऱ्या तारेत काय चाललंय ते दिसत नाही, सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. एक पथ्य मात्र पाळावं. बटण दाबण्याआधी ‘आता काय होईल?’ हा अंदाज प्रत्येक मुलाने वहीत लिहायचा. अंदाज चुकला की मूल पडद्याकडे खरं लक्ष देऊन बघतं.

अडचण नेटची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली. दप्तरात घासून थोडा पुसट झालेला कोडही वाचता येतो, कारण त्यात माहितीबरोबर दुरुस्तीचं गणितही भरलेलं असतं. सर्वांत वरच्या पातळीला सुमारे 30 टक्के कोड खराब झाला तरी चालतो. पण कोड आपल्याला नेतो तो नेटवरच, आणि मेळघाटातल्या दऱ्यांत रेंजचा भरवसा नाही. फेटची सिम्युलेशन्स आधीच उतरवून ठेवता येतात. त्यांत मजकूर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. धारणी-चिखलदऱ्यातलं जे मूल घरी कोरकू बोलतं, त्याला याचा मोठा आधार आहे.

मुलांकडे मोबाइल नाहीत, ही अडचणही सुटते. ‘प्लिकर्स’मध्ये प्रत्येक मुलाच्या हाती एक छापील कार्ड असतं. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरतं, आणि शिक्षकाचा एकच फोन सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. कोणाचं चुकलं ते शेजाऱ्याला कळत नाही, त्यामुळे लाजरं मूलही कार्ड उचलतं. अशा छोट्या प्रश्नांचं मोल मोजलं गेलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर 42 टक्के भाग आठवला. पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

वऱ्हाडातल्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. दहा ॲपच्या मागे लागू नका. येत्या सत्रातले, पुस्तकात कितीही वाचले तरी मुलांना दिसत नाहीत असे तीन धडे निवडा, त्यांची साधनं नेट असेल त्या दिवशी उतरवून ठेवा, आणि आठवड्यानंतर त्याच धड्यावर पाच प्रश्न विचारा. उत्तरं सुधारली नाहीत, तर ते साधन बदला.