होडीवरची थट्टा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि इंजिनाच्या होड्या किनाऱ्याला लागतात. पुरुषमंडळी पडवीत जाळी दुरुस्त करायला बसतात आणि वर्षभराचे किस्से बाहेर पडतात. चहा देता देता आपण ते सगळे ऐकलेले असतात. गोष्टीतली सुरमई दर पावसाळ्यात वीतभर वाढते, हेही आपल्याला ठाऊक आहे. लिलावाला पाटी आपण नेलेली असते ना!

आमच्या पडवीतला सर्वांत जुना किस्सा नांगराचा. आमचे तांडेल म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, नानामामा. एकदा पहाटे काळोखात होडी सुरू केली. इंजीन धडधडतंय, मामा सुकाणू धरून उभे, पण बंदरावरचा दिवा काही मागे पडेना. "आज पाण्याला ओढ फार आहे," मामा म्हणाले. कोणी डिझेलला नावं ठेवली. पाव तासाने (सांगणारा रंगात असला तर अर्ध्या तासाने) एक खलाशी हळूच म्हणाला, "तांडेल, नांगर खालीच आहे."

तेव्हापासून निघताना कोणीतरी विचारतंच, "मामा, नांगर काढू, की राहू दे आज?" सगळे हसतात आणि हसता हसता एकजण दोर बघून येतो. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. "तुमचं चुकतंय" असं खलाशाने तोंडावर म्हणायची पद्धत नाही, पण थट्टेत ते म्हणता येतं. रात्रभर जागलेल्या माणसाला नियम आठवतीलच असं नाही, हा किस्सा मात्र आठवतो.

नव्या पोराची थट्टा ठरलेली. "जा, भरतीची चावी घेऊन ये." तो बिचारा या होडीवरून त्या होडीवर फिरतो, आणि जो तो त्याला पुढे पाठवतो. शेवटी मासळी निवडणारी एखादी मावशी सांगते, "अरे बाळा, ती चावी चंद्राकडे असते." मग त्याला नीट समजावतात. भरती दिवसातून दोनदा येते, पण रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. काल ज्या वेळी होडी खाडीबाहेर पडली, त्याच वेळी आज निघालात तर गाळात रुताल. फजिती झालेला पोरगा हे कधी विसरत नाही.

पण एक थट्टा मला सोसली नाही. माझा मुलगा गेल्या वर्षी पहिल्यांदा होडीवर गेला, तो लाइफ जॅकेट घालून. "नवरीने शालू नेसला!" म्हणून सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून जॅकेट केबिनमधल्या खिळ्याला. माणूस काही सांगून पाण्यात पडत नाही, आणि पडल्यावर लाटांत ते अंगात चढवणं फार कठीण. नांगराच्या थट्टेने दोर तपासला जातो, या थट्टेने जॅकेट उतरलं. पडवीत हा किस्सा निघाला तेव्हा मी चहाची किटली खाली ठेवली, पण मामांसमोर बोलायचं कसं?

सासूबाई बोलल्या. कोळंबी सोलत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "नाना, पोरगा एकटाच कसा रे बोहल्यावर चढणार? तूही नेस शालू, दोघांचं एकदमच उरकून टाकू."

पडवी हसून लोटपोट झाली. मामाही हसले, पण बोलले काहीच नाहीत.

नारळी पौर्णिमेनंतर होडी निघाली तेव्हा सुकाणूवर मामा नारिंगी जॅकेट घालून उभे होते, आणि मागे माझा मुलगा, तोही जॅकेट घालून. धक्क्यावरून एक वहिनी ओरडली, "अगं, अक्षता कोणी आणल्यात का?"

मामांनी नुसता हात हलवला. आणि होडीवरून कोणीतरी विचारलं, "मामा, नांगर काढला ना?"