ई-सायकलवरून बीदर

बीदर पाहायचं असेल तर मोटारीतून पाहू नका. आपल्याकडे पाहुणे आले की ठरलेला कार्यक्रम असतो. गाडी काढायची, किल्ल्यात एक चक्कर मारायची, नानक झिरा गुरुद्वारात दर्शन आणि लंगर, नरसिंह झरणीच्या गुहेत छातीभर पाण्यातून जाऊन यायचं आणि अंधार पडायच्या आत भालकी किंवा बसवकल्याणला परत. वाटेत गवानचा मदरसा गाडीच्या काचेतून दिसतो. चौबारा तर दिसतही नाही, कारण त्या वेळी गाडी चालवणारा पार्किंग शोधत असतो. बरं, पायी फिरावं तर ठिकाणं चहूबाजूंना विखुरलेली. अष्टूरच्या कबरी शहराच्या पूर्वेला खाली उतरून, बरीदशाही कबरी पश्चिमेला उदगीर रस्त्यावर, नौबादचा करेझ त्याही पलीकडे. दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे इलेक्ट्रिक सायकल. ही कल्पना लिस्बनहून आणलेली आहे, तेव्हा थोडं तिथलं सांगतो.

कंपनीच्या कामासाठी पोर्तुगालला गेलो होतो आणि एक सकाळ मोकळी मिळाली. लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. तिथल्या गल्ल्या चढाच्या, अरुंद आणि गुळगुळीत छोट्या दगडांनी फरसबंदी केलेल्या. साध्या सायकलवर तासाभरात दम निघेल. म्हणून तिथे ई-सायकलवरून गाइडबरोबर फिरण्याची सोय असते. आम्ही आठ जण होतो, पुढे पंचविशीतली एक गाइड. या सायकलला मोपेडसारखा ॲक्सिलरेटर नव्हता. पॅडल मारलं तरच मोटर मदत करते. पॅडलच्या दांड्यापाशी सेन्सर असतो, तुमचा जोर मोजून मोटर त्यात भर घालते. युरोपात मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर तिची मदत बंद, असा नियम आहे. आपले पाय आरामात शंभरेक वॉट देतात, म्हणजे मागे आणखी दोन माणसं बसून तुमच्यासाठी पॅडल मारताहेत असं समजा. किल्ल्याकडचा चढ आला तेव्हा आमच्यातल्या साठीच्या बाई गाइडशी गप्पा मारत वर गेल्या.

पण तंत्रापेक्षा लक्षात राहिलं ते त्या मुलीचं सांगणं. सायकलवर सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पाहिजे तिथे थांबता येतं, मागचा हॉर्न वाजवत नाही. ती एका छप्पर नसलेल्या चर्चपाशी थांबली. कार्मोचं हे चर्च. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्सच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये माणसं जमलेली असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राची लाट आली, मग आग लागली. शहराचा सखल भाग सरळ रस्त्यांच्या नव्या आखणीनं पुन्हा बांधला गेला. कार्मोच्या कमानी मात्र आजही उघड्या आभाळाखाली आहेत. पुढच्या गल्लीत घरांच्या भिंतींवर निळ्यापांढऱ्या फरशा. आठ अनोळखी माणसं एका मोडक्या इमारतीसमोर वीस मिनिटं गप्प उभी राहिली, ती त्या सांगण्यामुळे.

मोडकी भव्य इमारत आणि रंगीत फरशा म्हटल्यावर बीदरच्या माणसाला गवानचा मदरसा आठवणारच.

त्या दिवाळीत मी बहिणीकडे बीदरला होतो. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, भाचा अकरावीत. दोन ई-सायकली होत्या, एक माझी आणि एक भावोजींच्या मित्राची; भाच्याकडे साधी गिअरची. आपल्याकडेही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या ई-सायकलला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही, त्यामुळे घरच्यांची परवानगी मिळाली की झालं. ठरलं असं, की दोन सकाळी फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणाचा गाइड आपल्यातलाच एक जण. आदल्या रात्री वाचून यायचं, कागद हातात धरायचा नाही.

पहाटे सहाला निघालो. चौबारा, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध उभा असलेला गोल बुरूज, उंची ७१ फूट. इथे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. यावरून चारी दिशांवर नजर ठेवता यायची. त्या वेळी दुकानं बंद होती आणि एक चहावाला तेवढा उठला होता. इथून किल्ल्याच्या दिशेनं थोडं गेलं की डाव्या-उजव्या बाजूंना बिदरी कामाची दुकानं आणि मग मदरसा.

मदरसा भाचीकडे होता. महमूद गवान हा इराणच्या गिलान भागातला व्यापारी. बीदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. मदरशाचं बांधकाम १४७२ चं. तीन मजले, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, व्याख्यानांचे दालन, ग्रंथालय. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. बाहेरून निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, हिरव्या चिनी मातीच्या फरशा. त्यातल्या काही अजून जागेवर आहेत. सकाळचं ऊन त्यांच्यावर येतं तेव्हा पाच शतकांपूर्वीचा निळा अगदी ताजा दिसतो. १४८१ मध्ये दरबारातल्या विरोधकांनी गवानच्या शिक्क्याचं बनावट पत्र तयार केलं, ओरिसाच्या राजाशी संधान बांधल्याचा आळ घेतला आणि सुलतान तिसऱ्या महंमदशहानं त्याचा शिरच्छेद करवला. गवान तेव्हा सत्तरीचा होता. पुढे मोगल काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस, इमारतीत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. दर्शनी बाजूचा मोठा भाग आणि दोनपैकी एक मिनार गेला.

इथे भाचीनं एक गोष्ट जोडली, जी मला फार आवडली. ज्या १४७२ मध्ये मदरसा उभा राहिला, त्याच सुमाराला गवाननं विजयनगरकडून गोवा जिंकून बहमनी राज्यात आणला. बहमनी राज्य फुटल्यावर गोवा विजापूरकडे गेला आणि १५१० मध्ये लिस्बनच्या राजाच्या वतीनं अल्बुकर्कनं तो घेतला. म्हणजे बीदर आणि लिस्बन ही दोन्ही नावं गोव्याच्या एकाच चाळीस वर्षांच्या इतिहासात येतात.

आणि हे फुटणं आपल्याला जवळचं आहे. शाळेत शिवचरित्र शिकताना आपण आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही ही नावं पाठ करतो. इमादशाही आणि बरीदशाही मिळून या पाचही शाह्या बहमनी राज्याचे तुकडे. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा तर गवानच्याच हाताखाली वाढलेला. मालोजीराजे, शहाजीराजे ज्या जगात वावरले, त्या जगाची सुरुवात या रस्त्यावर झाली. महाराष्ट्रातल्या भाचरांना रायगड दाखवायला नेतात. आपल्या मुलांना हा आधीचा अध्याय घरापासून सायकलच्या अंतरावर मिळतो, ही मला आपली मोठी कमाई वाटते.

किल्ल्याविषयी सगळं लिहीत नाही, त्यासाठी स्वतंत्र दिवस द्या. १३४७ ला गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, सुरू झालेल्या बहमनी राज्याची राजधानी अहमदशहा वलीनं पंधराव्या शतकात बीदरला आणली आणि हा किल्ला वाढवला. दारात थांबून खंदक नीट पाहा. जांभा दगड कोरून केलेला तिहेरी खंदक आहे, मधल्या भिंती मूळ कातळाच्याच ठेवलेल्या. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकाम आहे. तो बहुधा कुलूपबंद असतो, पण आतल्या संग्रहालयात विनंती केली तर दाखवतात.

हा जांभा बीदरची खरी किल्ली आहे, असं माझं मत. शहर जांभ्याच्या पठारावर वसलंय. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून मुरतं. खाली काळा कातळ, त्यात ते सहजी मुरत नाही. मग दोन थरांच्या सांध्यावरून पाणी आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. नानक झिरा आणि नरसिंह झरणी यांचं पाणी असं कडेला का, याचा उलगडा इथे होतो. बहमनी काळात इराणी तंत्रानं हेच पाणी भुयारातून वळवलं. नौबादचा करेझ दोन किलोमीटरहून लांब आहे, वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी २१ तोंडं. गाळ भरलेला हा करेझ गेल्या दशकात मोकळा केला गेला. भाचा इथला गाइड होता. त्यानं एका तोंडापासून पुढच्या तोंडापर्यंत सायकल चालवत जमिनीखालचं भुयार आम्हाला जमिनीवरून दाखवलं. मोटारीतून हे करून बघा!

दुसरी सकाळ अष्टूरची. पठारावरून उतार लागतो, ब्रेक जपून लावायचे. वाटेत हजरत खलिलुल्लांची अष्टकोनी चौखंडी. मग शेतांच्या मधोमध ओळीनं घुमट. अहमदशहा वलीच्या कबरीत आत गेल्यावर डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. मग भिंतींवरची आणि घुमटातली सोनेरी, लाल, निळी चित्रं हळूहळू दिसू लागतात. अहमदशहाला मुसलमान वली मानतात, तर अनेक लिंगायत भाविक अल्लमप्रभूंचं रूप. दरवर्षीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम येतात. शेजारी हुमायून शहाचा घुमट वीज पडून अर्धा कोसळलेला आहे. उरलेला अर्धा उभा असल्यामुळे घुमटाची जाडी, विटांचे थर, कमानीनं पेललेला भार असं सगळं कापलेल्या फणसासारखं उघडं दिसतं. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा चांगलं.

आम्ही तिथे बसलो असताना डोक्यावरून हवाई दलाची विमानं गेली. सूर्यकिरण पथकाचा तळ बीदरलाच आहे. भाचा कबरी विसरून वर बघत राहिला. साहजिक आहे.

परतीचा चढ म्हणजे ई-सायकलची परीक्षा. भाची शिट्टी वाजवत वर गेली. साध्या सायकलवरचा भाचा मध्यावर उतरला आणि "मामा, पुढच्या वेळी सायकली बदलायच्या" असं म्हणाला. बॅटरीविषयी एक सूचना: सपाटीवर मदत कमीत कमी ठेवा, चढासाठी राखून ठेवा. पाणी जास्त घ्या. मार्च ते मे हा विचार सोडून द्या. चौबाऱ्याभोवती नऊनंतर गर्दी होते, त्याआधी तिथून बाहेर पडा.

परतताना बिदरीच्या एका कारखान्यात थांबलो. जस्त आणि थोडं तांबं यांच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरतात, खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर भिजवून भांड्यावर चोळतात. धातू काळाकुळीत होतो, चांदी पांढरीच राहते. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. लग्नात भेट द्यायला आपण पुण्याहून वस्तू मागवतो, त्यापेक्षा इथून घ्या.

एक थांबा मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो आईचा, म्हणजे मुलांच्या आजीचा. तिचे गुडघे सायकलचे नाहीत, म्हणून भावोजी तिला गाडीतून किल्ल्यात घेऊन आले. दरबाराच्या चौथऱ्यावर, पडक्या खांबांच्या तळखड्यांशेजारी ती बसली आणि तिनं दामाजीपंतांची कथा सांगितली. मंगळवेढ्याचे दामाजी, दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं, बेदरहून पकडून आणायचा हुकूम सुटला, आणि दामाजी पोचायच्या आधी विठोबा विठू महाराच्या रूपात दरबारात येऊन मोहरा मोजून गेला. आपल्या कीर्तनांतलं 'बेदर' म्हणजे हेच बीदर. नातवंडांनी ही गोष्ट शंभरदा ऐकलेली होती. पण "इथं, असा समोर उभा राहिला असंल बघ," असं म्हणून तिनं हात केला तेव्हा दोघंही त्या मोकळ्या जागेकडे वळून पाहू लागले.

तेवढ्यात औरादकडच्या एका शाळेची सहल आली. आजी हातवारे करून काही सांगतेय म्हटल्यावर दहाबारा मुलं जवळ येऊन उभी राहिली. काहींना मराठी समजत होतं, काहींना नाही. त्यांच्या मास्तरांनी विचारलं, "अज्जी एन हेळ्ताइद्दारे?" आईनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची, आणि भाची ते कन्नडमधून सांगायची. कोठार उघडल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी एका मुलानं विचारलं की मोहरा किती होत्या, आणि त्यावर दोघींचं एकमत होईना.