प्रथिन टिकले तर उत्पादनही वाढते : लसीच्या रेणूतील छोट्या दुरुस्त्यांचे मोठे परिणाम

नवी दिल्ली : लसीची कुप्पी कारखान्यातून निघाल्यापासून लाभार्थ्याच्या दंडापर्यंत पोहोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, हा नियम आरोग्यसेवेतील प्रत्येकाला पाठ असतो. शीतगृहे, बर्फाच्या पिशव्या भरलेल्या पेट्या, दुर्गम आरोग्य केंद्रातील शीतकपाट आणि त्याला लागणारी अखंड वीज असा हा मोठा खटाटोप असतो. प्रथिनावर आधारित लसींच्या बाबतीत त्यामागचा हेतू एकच असतो : त्या प्रथिनाची घडी मोडू नये.

ही घडी बर्फात जपण्याऐवजी रेणूतच पक्की करता येईल का, याचा शोध गेली काही दशके सुरू आहे. त्यातून आणखी एक लाभ हाती लागला. घडी पक्की केलेले प्रथिन उष्णता अधिक सोसते. शिवाय ते तयार करणाऱ्या पेशीही बहुतेक वेळा त्याचे उत्पादन जास्त देतात, काही वेळा तर कित्येक पटींनी.

असे का घडते, हे समजण्यासाठी प्रथिनाची रचना पाहावी लागते. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी विशिष्ट रीतीने दुमडली गेली, तरच प्रथिन आपले काम करू शकते. मात्र दुमडलेल्या आणि उलगडलेल्या अवस्थांमधील ऊर्जेचा फरक फारच थोडा, मोजक्या हायड्रोजन बंधांइतका असतो. निसर्गाला त्याहून अधिक टिकाऊपणाची गरज नसते. विषाणूचे प्रथिन औषधाच्या दुकानात दोन वर्षे राहावे, अशी अपेक्षा उत्क्रांतीने कधी बाळगलेली नाही.

पेशीत मात्र तपासणी कडक असते. प्राण्यांच्या पेशींत बाहेर पाठवायची प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेतून जातात. तेथे घडी नीट न बसलेले रेणू अडवले जातात आणि अखेर तोडून टाकले जातात. जीवाणूंमध्ये असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे अद्राव्य गोळे बनतात. म्हणजेच पेशी प्रथिन बनवते, पण त्यातील मोठा वाटा वाया जातो. रेणू स्थिर असेल, तर ही गळती कमी होते. म्हणूनच टिकाऊपणा आणि उत्पादन हे वरवर वेगळे भासणारे प्रश्न पुष्कळदा एकाच ठिकाणी सुटतात.

कोविड लसींचा इतिहास याचे ठळक उदाहरण आहे. त्याचे मूळ मात्र एका जुन्या, दुःखद प्रसंगात सापडते. लहान मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या ‘आरएसव्ही’ विषाणूविरुद्ध अमेरिकेत १९६६ च्या सुमारास निष्क्रिय विषाणूंची लस तपासण्यात आली. लस घेतलेल्या बालकांपैकी अनेकांना नंतर अधिक तीव्र आजार झाला आणि दोघांचा मृत्यू झाला. पुढे उमगलेल्या कारणांपैकी एक असे की, विषाणूला पेशीत शिरू देणारे प्रथिन त्या लसीत मूळ आकारात राहिले नव्हते. हल्ल्यापूर्वीचा आकार सोडून ते हल्ल्यानंतरच्या आकारात गेले होते. त्यामुळे शरीराने बनवलेली प्रतिपिंडे विषाणूला रोखण्यास अपुरी पडली.

या प्रथिनाला हल्ल्यापूर्वीच्या आकारात जखडून ठेवण्याचा मार्ग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवला. त्या आकाराच्या प्रथिनावर आधारलेल्या आरएसव्ही लसींना मान्यता मिळण्यास २०२३ साल उजाडले.

दरम्यान याच गटातील बार्नी ग्रॅहम आणि जेसन मॅक्लेलन यांनी सहकाऱ्यांसह आपले लक्ष कोरोना विषाणूंकडे वळवले होते. मध्यपूर्वेतील ‘मर्स’ आजाराच्या विषाणूचे काटेरी प्रथिन, म्हणजेच स्पाइक, अतिशय अस्थिर होते. विषाणू पेशीत शिरताना या प्रथिनातील एका वळणाजवळची साखळी सरळ होऊन लांब दांड्यासारखी ताणली जाते. संशोधकांनी त्या वळणावरील दोन अमिनो आम्ले बदलून तेथे प्रोलीन बसवले. प्रोलीन स्वभावतः ताठ असल्याने साखळी तेथे ताणली जाईना. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात प्रथिनाचे उत्पादन ५० पटींहून अधिक वाढल्याचे आढळले.

त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये नव्या कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा काय बदलायचे हे आधीच ठाऊक होते. स्पाइकच्या साखळीत ९८६ आणि ९८७ या क्रमांकांवर प्रोलीन बसवण्यात आले. मॉडर्ना, फायझर-बायोएनटेक, जॉन्सन अँड जॉन्सन आणि नोवावॅक्स यांच्या लसींत हा बदल आहे. भारतात सर्वाधिक दिल्या गेलेल्या कोविशील्डमध्ये तो नव्हता, तरीही ती लस उपयुक्त ठरली, हेही नोंदवायला हवे.

नोवावॅक्सच्या लसीचे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेले रूप म्हणजे कोवोव्हॅक्स. तिच्यातील प्रथिन एका पतंगाच्या पेशींत वाढवले जाते. हा पतंग म्हणजे मक्याचे पीक फस्त करणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीचे प्रौढ रूप. शेतकऱ्याच्या शत्रूकडून असेही काम करून घेता येते.

हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीच्या कोर्बेवॅक्सची वाट वेगळी आहे. अमेरिकेतील टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटल आणि बेलर वैद्यकीय महाविद्यालयात तिचे प्रथिन विकसित झाले. त्यात संपूर्ण स्पाइक नसून पेशीला चिकटणारा तुकडाच आहे आणि तो यीस्टमध्ये तयार होतो. हेपेटायटिस बी लसीसाठी रुळलेली ही स्वस्त पद्धत भारतीय कंपन्यांच्या परिचयाची आहे. अडचण अशी की, यीस्ट या तुकड्याच्या टोकाला अनावश्यक शर्करा जोडत असे आणि रेणू एकमेकांना चिकटत असत. संशोधकांनी टोकाचे एक अमिनो आम्ल काढले आणि चिकटण्यास कारणीभूत ठरणाऱ्या एका सिस्टीनच्या जागी ॲलानीन बसवले. एवढ्यावर काम भागले. देशात १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना हीच लस देण्यात आली.

उष्णतेचा प्रश्न थेट हाती घेतला तो बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवन वरदराजन यांच्या गटाने आणि त्याच्याशी संलग्न मिन्व्हॅक्स या नवउद्योगाने. त्यांनी स्पाइकच्या याच तुकड्याची वाळवलेली भुकटी ३७ अंशांवर सुमारे महिनाभर आणि १०० अंशांवर ९० मिनिटे टिकल्याचे दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत तिने प्रतिपिंडेही निर्माण केली. मे महिन्यात तासन् तास वीज नसलेल्या गावात ३७ अंशांवरील या महिन्याचे मोल वेगळे सांगायला नको.

रेणू तोच ठेवूनही उत्पादन वाढवता येते. जनुकीय लिपीत तीन अक्षरांचे ६४ शब्द आहेत. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी वापरले जातात. एकट्या ल्युसीनसाठी सहा शब्द आहेत. एकाच वस्तूला नागपुरात एक शब्द आणि कोल्हापुरात दुसरा असावा, तसे प्रत्येक सजीवाचे आवडते शब्द ठरलेले असतात. मानवी किंवा विषाणूचे जनुक जीवाणूत घालताना ते जीवाणूच्या शब्दांत लिहिले, तर प्रथिन लवकर बनते. मात्र लवकर म्हणजे नेहमीच चांगले नव्हे. काही प्रथिनांना घडी बसण्यासाठी मध्ये थोडे थांबावे लागते. तो विसावा काढून घेतला, तर संख्या वाढते आणि गुणवत्ता घसरते. म्हणूनच जीवाणूंचे तापमान ३७ अंशांवरून १८ ते २५ अंशांपर्यंत उतरवून उत्पादन मुद्दाम संथ करण्याची पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे.

टिकाऊपणालाही किंमत मोजावी लागते. अनेक विकरांना काम करताना आकार बदलावा लागतो. ती फार ताठ केली, तर त्यांची क्रिया मंदावते. लसीच्या प्रथिनात बदल चुकीच्या जागी झाला, तर प्रतिपिंडांनी ओळखायचा भागच बिघडतो. संगणकीय आराखड्यांमुळे उमेदवार निवडणे सोपे झाले असले, तरी प्रत्येक बदल पेशीत घालून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. टेक्सास विद्यापीठातील मॅक्लेलन यांच्या गटाने २०२० मध्ये स्पाइकची १०० वेगवेगळी रूपे तपासली. त्यांतील केवळ २६ बदलांनी उत्पादन वाढले. निवडक बदल एकत्र करून सहा प्रोलीन असलेले ‘हेक्साप्रो’ प्रथिन तयार झाले. दोन प्रोलीनच्या रूपापेक्षा त्याचे उत्पादन सुमारे दहापट होते आणि तीनदा गोठवून वितळवले, तरी ते शाबूत राहिले.

तरीही पहिल्या मोठ्या लसींत ते आले नाही. रेणूत बदल म्हणजे नवे उत्पादन, आणि नव्या उत्पादनाच्या चाचण्या पहिल्यापासून. हेक्साप्रोचे निष्कर्ष जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच महिन्यात मॉडर्नाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दोन प्रोलीनच्या रूपावर सुरू झाली होती. हेक्साप्रोला वाव मिळाला तो वेगळ्या ठिकाणी. फ्लूच्या लसीप्रमाणे कोंबडीच्या अंड्यांत वाढवता येणाऱ्या एका विषाणूत ते बसवण्यात आले आणि थायलंड, व्हिएतनाम व ब्राझीलमधील लसउत्पादकांनी आपल्याकडील जुन्या यंत्रणेवरच त्या लसीच्या चाचण्या हाती घेतल्या.